१८९६च्या प्लेगात लोक इस्पितळाला का भ्याले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १८९६-९७च्या प्लेगात मुंबई-पुण्याच्या लोकांनी इस्पितळाला, घरझडतीला आणि लसीला विरोध केला, तो अडाणीपणातून की इंग्रजांवरच्या रागातून? आणि आपले वैद्य-हकीम तेव्हा काय करत होते? विचारणारे तरुण डॉक्टर आहेत. साथीच्या कामात ‘लोक ऐकतच नाहीत’ हे पालुपद त्यांना आजही ऐकावे लागते, त्यातून प्रश्न आला आहे. मी आरोग्य खात्यात साथरोगांचे काम केले आणि पुढे याच विषयाचा इतिहास शिकवत आलो, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

इस्पितळ, झडती आणि लस यांची एकच मोट बांधली की उत्तर हमखास चुकते. इस्पितळाची भीती वेगळी होती, झडतीचा संताप वेगळा होता, लसीबद्दलची शंका आणखी वेगळी. लोकांनी तिन्हींचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला, आणि आज आपल्याला या रोगाबद्दल जे माहीत आहे ते समोर ठेवून पाहिले तर तो हिशेब सरकारी हिशेबापेक्षा फार वाईट नव्हता. काही बाबतींत तर चांगला होता.

आधी घटनाक्रम. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसे मरत होती. हा ब्युबॉनिक प्लेग आहे, असे २३ सप्टेंबरला जाहीरपणे सांगितले ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि महापालिकेचे सभासद. रोग ओळखणारा माणूस एतद्देशीय होता, एवढे ध्यानात ठेवा. ‘पाश्चात्त्य वैद्यक म्हणजे गोरे डॉक्टर’ हे समीकरण इथेच मोडते. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला: प्लेगचा रोगी सापडला की त्याला सक्तीने इस्पितळात हलवता येईल. त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा मोठा जमाव ऑर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर (आजचे कस्तुरबा) चालून गेला आणि मोडतोड झाली.

यानंतर जे घडले ते मला सगळ्यात बोलके वाटते. महिनाअखेरीस जाहीरनामा सौम्य करण्यात आला. दंगलीची भीती होतीच, पण प्रशासनाच्या पोटात खरा गोळा आला तो दुसऱ्या कारणाने: हलालखोर, म्हणजे शहराचा मैला वाहणारे सफाई कामगार, मुंबई सोडून जातील की काय. ते गेले असते तर प्लेगआधीच शहर घाणीने मेले असते. ज्यांना समाजाने आणि सरकारने शेवटच्या पायरीवर ठेवले होते त्यांच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने सरकारी धोरण बदलले. गिरण्यांतही तेच. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावाकडे निघून गेले. एरवी महिनाभराचा पगार अडकवून ठेवणारे गिरणीमालक रोजच्या रोज मजुरी मोजू लागले, आणि नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागली. कोकणात, घाटावर पळणाऱ्या माणसाला ‘भेदरलेला’ म्हणून सोडून देणे सोपे असते. पण पळून जाणे हीच त्याच्या हातातली एकमेव ताकद होती आणि ती त्याने वापरली.

आता इस्पितळाकडे येऊ. त्या काळी एक अफवा जोरात होती: इस्पितळात माणसाला उलटे टांगून, खाली जाळ करून मोमियाई गाळतात. मोमियाई म्हणजे माणसाच्या शरीरातून काढलेले औषधी तेल. दुसरी अफवा अशी की राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासले, तो राग शमवायला तिने मुंबईकरांची पाचशे काळजे मागितली आहेत. पुतळ्याचा प्रकार खराच होता, ऑक्टोबर १८९६मधला. तो आपण केला असे दामोदर चापेकरांनी पुढे लिहून ठेवले. साहेबलोकांनी या अफवा ‘नेटिव्ह’ मेंदूचे नमुने म्हणून नोंदवल्या. मी विद्यार्थ्यांना सांगतो, अफवेतले तेल बाजूला ठेवा आणि मागे काय उरते ते पाहा. माणूस जिवंत आत जातो, बाहेर येत नाही. आत काय चालते ते नातेवाइकांना दिसत नाही. प्रेत ताब्यात मिळेल, आपल्या रीतीने दहन-दफन होईल, याचा भरवसा नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. गाठीच्या प्लेगात दहातले सहा-सात रोगी एरवीही मरत, आणि इस्पितळात बहुतेक जण शेवटच्या अवस्थेत पोचत. तिथे उपचार म्हणून काय होते? ब्रँडी, स्ट्रिक्नीन, कापूर, थोडे कार्बोलिक. यर्सिन साहेब, ज्यांनी १८९४मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला, ते १८९७च्या वसंतात स्वतः आपले सीरम घेऊन मुंबईत आले. त्याचाही फारसा उपयोग झाला नाही. प्लेगवर खरोखर चालणारे औषध १९४०च्या दशकात, सल्फा आणि स्ट्रेप्टोमायसीनच्या रूपाने आले. तोवर इस्पितळ म्हणजे मरायला जायची जागा, हा लोकांचा निष्कर्ष आकड्यांना धरूनच होता.

झडतीचा भाग तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून फार सांगत नाही. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली, आणि मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठांमधून घरोघर फिरल्या. बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणे, सामान रस्त्यावर काढून जाळणे, काख-जांघ तपासायला बायकांना चारचौघांत उभे करणे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी लागली, ३ जुलैला तो मेला. हे सगळे पाठ्यपुस्तकात असते.

पाठ्यपुस्तकात नसते ते असे. संतापाचा गाभा बाईच्या अंगाला परक्या पुरुषाने हात लावणे हा होता, आणि तो सर्व जातिधर्मांत सारखा होता. ९ मार्च १८९८ला मुंबईत मदनपुऱ्यात दंगल उसळली ती मुसलमान विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला पथक न्यायला आले तेव्हा. पंडिता रमाबाईंनी मे १८९७मध्ये पुण्यातल्या प्लेग इस्पितळातल्या मुलींच्या असुरक्षिततेबद्दल पत्र छापले. त्या ख्रिस्ती, सुधारक. टिळकपक्षाशी त्यांचे कधीच जमले नव्हते. गोखल्यांनी विलायतेत सोजिरांवर अत्याचाराचे आरोप केले, पण परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना माफी मागावी लागली. बदनामीच्या धाकाने कुठलेच घर साक्षीला पुढे येईना. या प्रकरणाची कागदपत्रे वाचताना ‘पुरावा नाही’ आणि ‘घडले नाही’ यांत गल्लत करू नका.

टिळकांबद्दलही एक गैरसमज दिसतो, की ते प्लेगच्या सगळ्याच उपायांविरुद्ध होते. तसे नाही. ते पुण्यात राहिले, शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले आणि हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यात त्यांचा हात होता. त्यांचे भांडण कसे आणि कुणाकडून करवून घेता याच्याशी होते. आणि टिळक-रँड या जोडीपलीकडे पाहा. हडपसरजवळ माळावर डॉ. यशवंत फुले रोग्यांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले. १० मार्च १८९७ला त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्याआधी महिनाभर, मुंबईत प्लेगग्रस्तांची सेवा करताना नारायण मेघाजी लोखंडे गेले, ‘दीनबंधु’ चालवणारे आणि गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे. या दोघांनी पाश्चात्त्य उपचार नाकारला नाही की सोजिरांचे समर्थनही केले नाही. विरोध की सहकार्य असे दोनच रकाने आखले तर ही माणसे कुठेच बसत नाहीत.

रोग पसरत कसा होता, हे तर कुणालाच ठाऊक नव्हते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. अधिकाऱ्यांचा रोख घाणीवर आणि माणसावर होता. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले, भिंतींना चुना फासला, ऊन यावे म्हणून कौले उतरवली, नापास घरांवर ‘यू. एच. एच.’, म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य, अशी अक्षरे रंगवली. उंदीर मरत होते हे सर्वांना दिसत होते, पण पिसवांकडे कुणाचे लक्ष नव्हते. गटारे धुतल्यावर उंदीर शेजारच्या चाळीत गेले, एवढेच. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८मध्ये कराचीत उंदीर-पिसू-उंदीर असा मार्ग प्रयोगाने दाखवला. त्यांना कुणी फारसे मनावर घेतले नाही. १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगून पाहिले, पिसवेच्या उडीच्या वर असलेले प्राणी वाचले, तेव्हा कुठे ते मान्य झाले.

आणि गावातले लोक काय करत होते? उंदीर पडायला लागले की घर सोडून माळावर, शेतात झोपड्या टाकून राहायचे. पार हिमालयात गढवाल-कुमाऊँमध्येही ‘महामारी’ आली की गावे अशीच रिकामी होत. कारण त्यांना ठाऊक नव्हते, उपाय मात्र अचूक होता: पिसवा घरात, माणसे बाहेर. सरकारी पद्धतीत रोग्याला उचलून दूर नेत आणि घरातल्यांना विलगीकरण छावणीत कोंडत. त्यात रोगी कमी झाले नाहीत, लपवालपवी तेवढी वाढली. पुढे सरकारनेही गाव खाली करण्याचा उपाय स्वीकारला. अर्थात माळावर जायला दोन-तीन महिने काम बुडवण्याची ऐपत लागते, नाहीतर गावाकडे जमिनीचा तुकडा तरी लागतो. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते ते चाळीतच राहिले आणि तिथेच मेले.

लसीची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची, आणि मला तीच सांगायला जास्त आवडते. वाल्डेमार हाफकीन हे ओडेसाचे ज्यू, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, पाश्चर संस्थेत घडलेले. डॉक्टरकीची पदवी नाही आणि इंग्रजही नाहीत, त्यामुळे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत ते सलत. ऑक्टोबर १८९६मध्ये ते कलकत्त्याहून मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेत काम सुरू केले आणि १० जानेवारी १८९७ला पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू ते रश्श्यात वाढवत. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत, आणि त्या थेंबांपासून जंतूंचे लोंबते झुबके खाली वाढत. रस्सा गोमांसाचा न वापरता बकऱ्याचा वापरला जाई. ही तडजोड प्रयोगशाळेतच झाली होती, म्हणजे लोकांच्या श्रद्धा विज्ञानाच्या आड येतात हे रडगाणे सगळेच गात नव्हते. जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा पहिली मोठी चाचणी झाली: न टोचलेल्यांत १२ आजारी, ६ मृत्यू, टोचलेल्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही. कैद्यांनी ‘स्वेच्छेने’ टोचून घेतले असे अहवालात आहे. तुरुंगातल्या स्वेच्छेला किती किंमत द्यायची, ते तुम्ही ठरवा.

मुंबईत ही लस सुरुवातीला कुणावर सक्तीची नव्हती, आणि तिला मिळालेला प्रतिसाद पाहण्यासारखा आहे. आगाखानांनी सर्वांदेखत टोचून घेतले, हाफकीनना काम करायला आपला बंगला दिला, आणि खोजा जमात हजारोंनी पुढे आली. १८९८मध्ये हुबळी-धारवाडकडे हजारो लोकांनी टोचून घेतले. त्याच वर्षी तिकडे मुंबईत झडतीवरून दंगल होत होती! इलाखा तोच, रोगही तोच; मग अज्ञान एका जागी पातळ आणि दुसऱ्या जागी दाट होते असे म्हणायचे का? फरक विचारण्याच्या पद्धतीत होता, आणि आपल्यातल्या कुणीतरी आधी बाही वर केली की नाही यात होता. शंकाही निराधार नव्हत्या. लसीने सडकून ताप यायचा, रोजंदारीवरच्या माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी जायची. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबात मुल्कोवालला एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. खापर हाफकीनवर फुटले, नोकरी गेली. बाटली गावातच उघडताना दूषित झाली असावी हे पुढे आले आणि १९०७मध्ये ते दोषमुक्त झाले. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्यांचे नाव मिळाले, तीच आजची हाफकीन संस्था.

लसीच्या आठवणीही लोकांपाशी आधीपासून होत्या. १८०२च्या जूनमध्ये मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला देवीची लस टोचली, हिंदुस्थानातली पहिली. त्यानंतर कित्येक दशके ही लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात जाई. देवी डॉक्टर गावात आला की आया पोरांना लपवत, त्यामागे देवीचा कोप होता तसाच कुणाच्या अंगातला स्राव आपल्या पोराच्या अंगात जातो हा प्रश्नही होता. त्यात जातीचा विटाळ होता हे कबूल करायला हवे. पण आठ दिवसांनी पोराचा फोड पुन्हा फोडून त्यातून द्रव काढायचा, ही वेदनाही होती. वासराच्या अंगावर वाढवलेली लस आल्यावर हा ताण बराच सैल झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वैद्य-हकीम काय करत होते. ते काम करत होते, आणि तेही डॉक्टरांइतकेच हतबल होते. वैद्यांनी या रोगाची ‘ग्रंथिक’ ज्वरात गणना करून लेप, पोटिसे, काढे दिले. मृत्यू टळले असे मानायला आधार नाही. ‘आपल्या’ वैद्यकाकडे प्लेगचा इलाज होता आणि इंग्रजांनी तो दडपला, असे अधूनमधून फॉरवर्ड होत असते. ते सोडून द्या. वैद्याकडे होते ते वेगळे: तो घरी यायचा, नाव-गाव ओळखायचा, रोग्याला आईच्या नजरेआड नेत नसे. १८९७पासून मुंबईत जातीजमातींनी काढलेली खासगी प्लेग इस्पितळे चालली ती याच कारणाने. तिथे नातेवाईक जवळ थांबत, जेवण आपल्या हातचे असे, वैद्य-हकिमालाही मज्जाव नसे. मात्र जातीचे इस्पितळ पैसेवाल्या जातींचे झाले. ज्या वस्त्यांतून सर्वांत जास्त प्रेते निघाली, तिथल्या लोकांना सरकारी खाटेशिवाय काही नव्हते.

आणि एकाच घरात सगळे चाले. वैद्याचा लेप, डॉक्टरचे मिक्श्चर, मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडणे. आपले मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती बघा. वांद्र्यात, गिरगावात त्यांनी उभारलेले प्लेगचे क्रूस अजून उभे आहेत, त्यांना हार घातले जातात. बंगळुरात तर ‘प्लेग अम्मा’ देवीच झाली. याला मी अंधश्रद्धा म्हणून निकालात काढत नाही. रोगी जगेल याची हमी कुणीच देत नव्हते, तेव्हा माणसे प्रत्येक दार ठोठावून पाहत होती. कॅन्सरचे निदान झालेले घर आजही हेच करते.

वैद्यांची खरी अडचण पुढे, कायद्याच्या अंगाने आली. १९०७मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात केली. १९१२च्या मुंबई मेडिकल ॲक्टने नोंदणीकृत डॉक्टर वेगळे काढले आणि वैद्य बाहेर राहिले. त्यांची नोंदणी १९३८च्या कायद्याने सुरू झाली. या पंचवीसेक वर्षांत वैद्यकीचा धंदा, भाषा, शिक्षण सगळे बदलले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. १९०१मध्ये केपटाऊनला प्लेग आला तेव्हा काळ्या लोकांना शहराबाहेर नेऊन बसवले, तीच पुढची न्डाबेनी वसाहत. १९१४मध्ये डाकारमध्ये फ्रेंचांनी तेच केले आणि मेदिना ही वस्ती निर्माण झाली. मुंबईत १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, गरिबांच्या चाळी पाडून रुंद रस्ते काढले. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या फार कमी बांधल्या. साथ सरली तरी तिच्या नावाने आखलेला शहराचा नकाशा राहतो.

कायदाही राहिला. १८९७चा तो चार कलमी कायदा मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी लागू केला, आणि त्याच वर्षी दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा आली. ती दुरुस्ती गरजेचीच होती. रोग्याला आणि त्याच्या नातेवाइकांना काय हक्क, याबद्दल मूळ कायद्यात काही नव्हते, आताही नाही.

मधल्या काळातले एक उदाहरण तुमच्या कामाचे आहे. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगसदृश साथ आली, किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षाच्या आत. आधी गावकऱ्यांनीच सांगितले होते: उंदीर पडतायत, पिसवा चावतायत. सर्वेक्षणाची पहिली पायरी त्यांनी पार पाडली होती. पुढच्या महिन्यात सुरतेहून लाखो लोक पळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत पुन्हा ‘घबराट’ हाच शब्द होता.

तुम्हाला यावर पुढे काम करायचे असेल तर प्लेग कमिट्यांचे छापील अहवाल शेवटी वाचा, आधी नको. ते इतके नीटनेटके आहेत की त्यांच्याच चष्म्यातून सगळे दिसू लागते. सुरुवात ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुधारक’ यांच्या १८९७च्या अंकांपासून करा, आणि ‘दीनबंधु’चे जे अंक मिळतील ते सोडू नका, कारण पेठांबाहेरचा आवाज तिथेच आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक सरकारी गोषवारे आहेत. त्यातला इंग्रजी गोषवारा आणि मूळ मराठी मजकूर शेजारी ठेवून वाचा. कुठली तक्रार गाळली गेली ते लगेच कळते. बायकांची तपासणी कोण करत होते, कुठे, आडोसा होता की नव्हता, एवढा एकच धागा धरलात तरी प्रबंधापुरते काम निघेल.